लायसन्स हातात, ट्रेलर अजून लांब

लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद झाली की कागदावर तुम्ही सहा चाकी ट्रकही चालवू शकता आणि बावीस चाकी ट्रेलरही. तो कागद घेऊन चाकणमधल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जा. मुनीम रजिस्टरमधून डोकं वर न काढता विचारतो, "ट्रेलर चालवलाय का?" नाही म्हणालात की, "मग चालवून या." कुठे चालवून येऊ, ते काही तो सांगत नाही.

मी अशी बरीच ऑफिसं फिरलो. मूळ गाव मंचरकडे. आयटीआय फिटर करून चाकणला ठेकेदाराकडे लागलो. कंपनीच्या ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा ठेकेदाराने पहिली काट आमच्याच नावांवर मारली. मग चुलत्यांचा पिकअप हातात घेतला. नारायणगावला संध्याकाळी टोमॅटो भरायचा, पहाटे मार्केट यार्डात खाली करायचा. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, त्यामुळे तोवर कागदांचं काही अडलं नव्हतं. पण एका पिकअपच्या भाड्यात दोन घरं चालत नाहीत आणि टोमॅटोचा भाव पडला की गाडी दारातच उभी. तेव्हा ठरवलं, अवजड गाडीचं लायसन्स काढायचं.

ते काढणं अवघड नाही. वय वीस पूर्ण पाहिजे, हलक्या वाहनाचं लायसन्स मिळून वर्ष झालेलं पाहिजे. डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए, मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५, मग आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. मी शिकलो ते साध्या स्कूलमध्ये. तिथला ट्रक सहा चाकी, वयाने जवळजवळ माझ्याएवढा, गिअर टाकताना खांदा निखळेल असा. त्या ट्रकवर क्लच-गिअर, चढावर गाडी न घसरवता उचलणं, आरशाचा अंदाज, एवढं नीट शिकवलं. ट्रेलरचं चित्र भिंतीवरच्या तक्त्यातही नव्हतं.

आणि ट्रक येतो म्हणून ट्रेलर येतो असं नाही. ट्रक एकसंध असतो, तुम्ही वळलात की तो वळतो. ट्रेलर मध्येच मोडणारी गाडी आहे. पुढचा घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिनचा भाग, एक सांगतो, मागचं धूड आपल्या हिशेबाने ऐकतं.

पूर्वी हे शिकण्याची सोय म्हणजे क्लीनरची जागा. पंधरा-सोळाचं पोरगं गाडीवर चढायचं, काच पुसायचं, टॉमी म्हणजे लोखंडी दांडा मारून टायरचा आवाज ऐकायचं, ड्रायव्हरचा चहा आणायचं, शिव्या खायचं. दोन-तीन वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर वस्ताद म्हणायचा, "बस." वय, लायसन्स, विमा यांचा काही मेळ नसायचा आणि कित्येक पोरांचं आयुष्य त्यात गेलं, म्हणून मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. पण शिकणं तिथे होत होतं. आता बहुतेक मालक क्लीनर ठेवत नाहीत. टोलवर सुटे पैसे द्यायला माणूस लागायचा, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रस्ता विचारायला माणूस लागायचा, आता मोबाईल सांगतो. गाडी कुठे आहे ते शेठला जीपीएसवर घरबसल्या दिसतं. एक पगार वाचला. वर मालक विचारतात की चांगले ड्रायव्हर मिळत का नाहीत!

माझं जमलं ते अण्णांच्या कंबरेमुळे. कुरुळीच्या बाजूला यार्ड असलेल्या एका छोट्या मालकाकडे अण्णा चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. पाथर्डीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. कंबर धरल्यामुळे लँडिंगचं, म्हणजे सुट्या ट्रेलरला टेकू देणारे पाय वर-खाली करायचं हँडल फिरवणं त्यांना जमेना, म्हणून शेठकडे हट्ट धरला की जोडीला माणूस द्या, नाहीतर मी गावी चाललो. शेठ मला म्हणाला, "पगार क्लीनरचा मिळेल. लायसन्स आहे म्हणून ड्रायव्हरचा मागू नको." मी हो म्हणालो. घरी आईला पगाराचा आकडा सांगितला नाही, आणि तिनेही पुढे स्थळं बघताना 'मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये आहे' एवढंच सांगायला सुरुवात केली. ऐकणाऱ्याला वाटावं स्वतःच्या गाड्या आहेत.

पहिले काही आठवडे अण्णांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. माझं काम जोडणं आणि सोडणं. आता वाटतं, तेच आधी शिकवलं ते बरं झालं.

घोडा आणि ट्रेलर एका पिनेवर जोडलेले असतात. ट्रेलरच्या पोटाखाली दोन इंच जाडीची किंगपिन असते, ती घोड्याच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हील नावाच्या प्लेटच्या जबड्यात बसते. ओढण्याचा सगळा जोर त्या पिनेवर. घोडा मागे घालण्याआधी खाली उतरून उंची बघायची. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलरला उचलून घेतो. प्लेट वर राहिली तर पिन जबड्यात न शिरता त्याच्या वरच टेकते. आवाज तसाच येतो, खट. वाटतं जोडलं गेलं. पहिल्या चढाला घोडा पुढे आणि ट्रेलर मागे.

म्हणून आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकायचं, ग्रीसने माखलेल्या त्या जागेत नजर घालायची. जबडा पिनेभोवती पुरता मिटलाय का, हँडल आत गेलंय का, दोन प्लेटांमध्ये कुठे उजेड दिसतो का. उजेड दिसला तर जोडणी चुकली. मग ट्रेलरचे ब्रेक लागलेले असतानाच पहिल्या गिअरमध्ये घोड्याला हलकी ओढ द्यायची, ट्रेलर जागचा हलता कामा नये. त्यानंतर हवेचे पाईप, लाल आणि पिवळा. लाल पाईपमधून ट्रेलरच्या टाकीत हवा जाते, पिवळा ब्रेकचा हुकूम नेतो. लाल पाईप सुटला किंवा फाटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळतात, ती व्यवस्था मुद्दाम तशी केलेली आहे. मग लाईटची केबल, आणि शेवटी हँडल फिरवत दोन्ही पाय वर. कळंबोलीत एकाने पाय खाली ठेवूनच गाडी काढलेली मी पाहिली आहे. रस्त्यावरून ठिणग्या उडत होत्या आणि मागचा टँकरवाला जीव तोडून हॉर्न वाजवत होता.

सगळं झालं की अण्णा विचारायचे, "बघितलं?" मी "हो." "हात लावून बघितलं?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत ते चावी फिरवायचे नाहीत.

रिव्हर्स शिकवायला त्यांनी रविवार धरला. यार्डाशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दोन जुने टायर उभे करून 'गेट' केलं आणि रिकामा ट्रेलर त्यात घालायला सांगितलं. गाडी मागे घेताना ट्रेलरची शेपूट उजवीकडे न्यायची असेल तर स्टेअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं. हातांना पटायला फार वेळ लागतो, कारण पिकअपवर वर्षानुवर्षं उलटं केलेलं असतं. अण्णांची युक्ती साधी. स्टेअरिंग वरून धरू नको, खालच्या बाजूने एका हाताने धर. आता तो हात ज्या बाजूला सरकवशील, शेपूट त्याच बाजूला जाईल. विचार करायची गरजच संपली. दुसरी गोष्ट, हात थोडा सरकव आणि थांब. ट्रेलर उत्तर द्यायला वेळ घेतो. नवा माणूस घाबरून आणखी फिरवतो, मग ट्रेलर एकदम वळतो आणि घोडा त्याच्या कुशीत शिरतो. तिथून पुढे रिव्हर्स नाही, गाडी पुढे काढून पुन्हा सरळ करायची. सरळ मागे घेताना तर आणखी सोपं: ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, त्या आरशाकडे स्टेअरिंग थोडंसं न्यायचं, ट्रेलर पुन्हा रांगेत येतो.

आपलं स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे ट्रेलर उजवीकडे घालणं त्यातल्या त्यात बरं. खिडकीतून मान बाहेर काढली की शेपूट दिसते. क्लीनर साईडला, म्हणजे डावीकडे घालायचा तर थोड्या वेळाने आरशात फक्त कंटेनरची भिंत उरते. तिथे खाली उतरून बघण्यावाचून इलाज नाही. चाकणच्या काही कंपन्यांचे माल चढवायचे-उतरवायचे डॉक बघितले की वाटतं, नकाशा काढणाऱ्याने आयुष्यात कधी ट्रेलर मागे घेतलेला नसावा. गेटमधून आत आल्या आल्या काटकोन, समोर सिक्युरिटीची केबिन, बाजूला मॅनेजर लोकांच्या कार ओळीने लावलेल्या, आणि डॉक हमखास क्लीनर साईडला. वर फोर्कलिफ्टवाला शिट्टी मारून घाई करतो. अण्णा अशा वेळी इंजिन बंद करायचे, खाली उतरून गाडीला एक सावकाश फेरी मारायचे, तंबाखू मळायचे, मग चढायचे. घाई करणाऱ्याचा आवाज तोवर आपोआप बसलेला असायचा.

पुढे चालवताना खरी परीक्षा डाव्या वळणाची. घोडा वळला तरी ट्रेलरची मागची चाकं त्याच्या मागून येत नाहीत, आतून कापत येतात. चाळीस फुटी कंटेनरची पेटीच बारा मीटरहून लांब, पुढे घोडा वेगळा. त्यामुळे डावीकडे वळायचं तर आधी गाडी सरळ पुढे न्यायची, रुंद घ्यायची, मग वळायचं. आणि रुंद घ्यायला डावीकडे जरा जागा सोडली की त्या जागेत मोटरसायकल शिरते. कंपन्यांची शिफ्ट सुटते तेव्हा आंबेठाण चौक आणि तळेगाव चौकात बघा. टिफीन अडकवलेली पोरं एकामागोमाग एक त्या फटीतून निघतात. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या क्षणी तिथेच येणार आहेत, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि घोड्याच्या डाव्या दाराखालचं ड्रायव्हरला दिसत नसतं. डाव्या खिडकीत बसून मी तेवढंच बघायचो. "आहे" म्हटलं की अण्णा थांबायचे, "नाही" म्हटलं की ढकलायचे. क्लीनर काढून टाकून नेमका किती पगार वाचला, याचा हिशेब या चौकात उभं राहून करावा.

आमची नेहमीची फेरी चाकणहून न्हावा शेवा बंदर. महाळुंगे, खालुंब्रे, इंदोरी करत तळेगाव, तिथून उर्से आणि एक्सप्रेसवे. अंतर फार नाही. पण चाकण-तळेगाव रस्त्यावर किती वेळ जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. एक्सप्रेसवेला लागलं की डावी लेन धरायची आणि सोडायची नाही. २०२४ पासून कॅमेरे बसले आहेत, वेग वाढला किंवा लेन मोडली की चलन थेट गाडीच्या नावावर, आणि शेठ ते आमच्या पगारातून कापतो.

लोणावळा मागे टाकलं की अण्णा गप्प व्हायचे. जुना अमृतांजन पूल होता तेव्हा त्याच्या दगडी खांबांमधून गाडी काढताना छातीत धडधडायचं म्हणे. १८३० सालचा तो पूल लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये पाडला, पण त्या जागी आलं की अण्णांचा पाय आजही आपोआप हलका होतो. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणायचा, हा त्यांचा एक नंबरचा नियम. भरलेला ट्रेलर ज्या गिअरमध्ये घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायचा. उताराच्या मध्यावर गिअर बदलायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. गाडी अडवण्याचं मुख्य काम इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकने करायचं. पायाचा ब्रेक दाबून धरून उतरायचं नाही, ठाम दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा. सतत हलका दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनर तापतात आणि ब्रेक हळूहळू पकड सोडतो. पेडल तेच, पाय तोच, गाडी मात्र थांबत नाही. जळक्या लायनरचा उग्र वास बोरघाटात रोज कुठल्या ना कुठल्या गाडीचा येतो. अण्णा नाकाने सांगायचे, पुढचा तापलाय, अंतर ठेव.

स्टेअरिंग मला पहिल्यांदा मिळालं ते रिकाम्या ट्रेलरवर, येतीच्या वाटेवर, चढाला. भरलेली गाडी उताराला मिळायला त्यानंतर कित्येक महिने गेले. त्या दिवशी अण्णा डाव्या सीटवर बसून सुपारी कातरत होते आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. नजर डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्यावर होती. सारखं सारखं पेडल मारलं की टाकीतली हवा संपत जाते, काटा उतरतो, खाली गेला की बझर ओरडतो. मी ब्रेक किती वापरतोय ते त्यांना त्या काट्यावरून कळत होतं. खोपोलीच्या सपाटीला आल्यावर म्हणाले, "अजून दोनदा कमी दाबला असता तरी चाललं असतं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पेढाच.

आता जरा न्यूट्रलबद्दल, कारण पुण्यात कुठेही ट्रेलर चालवतो म्हटलं की लोक नवले पुलाचंच विचारतात. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की जांभूळवाडी, नऱ्हे करत नवले पुलापर्यंत उतारच उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने धडका देत ४८ वाहनांचं नुकसान केलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा तपासातून पुढे आल्याच्या बातम्या होत्या. लोक म्हणतात ड्रायव्हर बेफिकीर. असतील. पण मी आतून बघितलंय ते सांगतो.

बऱ्याच मालकांकडे फेरीला डिझेल ठरवून मिळतं. भरलेला ट्रेलर लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास देतो, त्या हिशेबाने कोटा. कोट्यातून वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या पगारातून. रस्त्यावरची कोंडी, बंदरातली रांग, एसी, काहीच त्यात धरलेलं नसतं. डिझेल काही स्वस्त नाही. मग ज्याचं चाकण-तळेगाव रस्त्यावर डिझेल जळालंय, तो ते उतारावर भरून काढायला बघतो. न्यूट्रल त्याच्या हाताला शिकवलंय कोट्याने.

गंमत म्हणजे यात वाचतही फारसं नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला डिझेल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. म्हणजे तीव्र उतारावर गिअरमध्ये उतरणारा कमी जाळतो आणि ब्रेकही वाचवतो. इंजिन बंद करणाऱ्याची तर बातच सोडा. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक, आणि पॉवर स्टेअरिंगही गेलं. हे मी यार्डातल्या दोघा-तिघांना कागदावर काढून दाखवलं. एक म्हणाला, "तुझं आयटीआय तुझ्यापाशी. हलक्या उताराला गाडी लांबवर जाते का नाय न्यूट्रलला?" जाते, हे खरं आहे. तेवढ्यासाठीच सवय लागते आणि मग तीच सवय कात्रजच्या उतारालाही हात गिअरवर नेते. जो मालक कोट्याऐवजी प्रत्यक्ष लागलं तेवढं डिझेल देतो, त्याचे ड्रायव्हर न्यूट्रल करताना मी पाहिलेले नाहीत. नवले पुलावर रम्बलर, बोर्ड, कॅमेरे लावा, लावायलाच पाहिजेत. पण बोगद्याच्या अलीकडे, मालकाच्या ऑफिसातल्या डिझेल-कोट्याच्या वहीकडेही कोणी बघावं.

बंदराबद्दल थोडक्यात. न्हावा शेवाला चालवणं कमी आणि बसणं जास्त. फॉर्म १३, म्हणजे कंटेनर बंदरात न्यायचा कागद, आला का, सीलचा नंबर जुळतो का, कुठल्या टर्मिनलचं गेट, रांग कुठवर आली. मोबाईलवर शेठचा माणूस, कंपनीचा माणूस, एजंटचा माणूस, तिघेही एकच विचारतात, "कुठपर्यंत आलं?" आपण जिथल्या तिथे. पाणी प्यायचं आणि जायचं कुठे, या दोन प्रश्नांवर तिथे दिवस काढावा लागतो. ट्रेलरच्या बाजूच्या पेटीत आमचा स्टोव्ह, पीठ, कांदे-बटाटे, मिरचीचा ठेचा. अण्णांचं पिठलं उत्तम, भाकरी माझी. शेजारच्या गाडीवर यूपीचा किंवा बिहारचा कोणी असला तर तो डाळ देतो, आपण पिठलं देतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलेलं होतं. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. रांगेत बसणं हे काम की आराम, यावर आमची अर्धी रात्र वाद घालण्यात गेली. शेठच्या मते आराम.

झोपेच्या बाबतीत मात्र अण्णा कडक. डोळे जड झाले की गाडी ढाब्यावर, मग शेठचा फोन वाजत राहो. फोन उचलून एकच वाक्य, "गाडी उभी आहे, माणूस झोपलाय," आणि ठेवून द्यायचे. हे त्यांना शोभतं. शेठला त्यांच्याशिवाय पर्याय नाही. माझ्यासारख्या नव्याने हेच केलं तर पुढच्या फेरीला दुसऱ्याचं नाव. म्हणून नव्या माणसाला अनुभव कमी पडतो तो हाताचा नाही, शेठला नाही म्हणण्याचा. स्टेअरिंग वर्षभरात हातात बसतं. हे दुसरं कधी बसेल कोणास ठाऊक, मला अजून जमलेलं नाही असं नाही, पण आवाज अण्णांसारखा निघत नाही.

गेल्या खंडेनवमीला गाडीला हार घातला, नारळ फोडला, आणि शेठने नारळाचा तुकडा तोंडात टाकता टाकता सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरा ट्रेलर तुझ्याकडे. ड्रायव्हरचा पगार, खुराकी वेगळी. मी म्हटलं, जोडीला माणूस द्या. "कशाला? तुला तर सगळं येतं." मी चाकणच्या चौकातलं डावं वळण समजावलं, त्याने डाव्या बाजूला कॅमेरा बसवून देतो म्हटलं. कॅमेरा बसला, बरा आहे, दिवसा उपयोग होतो. पावसात काचेवर चिखल उडाला की उतरून पुसावा लागतो. माणसासाठी माझं टुमणं चालूच आहे, आणि अण्णांचीही शेठजवळ त्याबाबत कुरकुर चालू असते.

ट्रेलरवर बसू पाहणाऱ्या पोरांना मी एकच सुचवतो. मोठ्या ट्रान्सपोर्टच्या दारात रांग लावण्यापेक्षा चार-पाच गाड्यांचा मालक शोधा, ज्याचा जुना ड्रायव्हर अजून टिकून आहे. पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: डिझेल कोट्यावर आहे की लागेल तसं, आणि गाडीवर दोन माणसं असतात की एक. वर्ष-दीड वर्ष कमी पैशांत काढायची घरची तयारी असेल तरच यात पडा. नसेल तर आधी सहा चाकीवर बसा, त्यातही पोट भरतं.

माझं पुढचं डोक्यात आहे ते टँकरचं. धोकादायक माल वाहायचा तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर नोंद करून घ्यावी लागते, त्याची चौकशी केली आहे. पगार बरा आहे, आणि त्या गाड्यांवर जोडीला माणूस असतो असं ऐकतो. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "टँकरमधलं पाणी ब्रेक मारल्यावर पुढं येतं, ठाव हाय ना? आधी दोन पावसाळे कंटेनरवर काढ." एक पावसाळा झालाय.